स्टिअरिंगचं लाल फडकं

सुखदेवभाऊ रामटेके यांनी ओळख झाली त्याच दिवशी मला स्ट्रेचरवर झोपायला लावलं.

मी नागपूरहून मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन चामोर्शीच्या आमच्या दवाखान्यात 'वाहन व भांडार प्रमुख' म्हणून रुजू झालो होतो. गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन दोनेक वर्षं झाली असतील. प्रमुख म्हणजे काय, तर वाहन एक, भांडाराची खोली एक आणि हाताखाली माणूसही एकच. तो माणूस म्हणजे सुखदेवभाऊ, आमचे ड्रायव्हर, वयानं माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. मी रुबाबात गाडीची कागदपत्रं मागितली. त्यांनी गाडीचं मागचं दार उघडलं आणि म्हणाले, "कागद मंग पाहाजा साहेब. पहिले पेशंट होऊन पाहा."

गाडी पांढरी अ‍ॅम्बेसिडर होती. डाव्या अंगाच्या सीटा काढून तिथे लोखंडी स्ट्रेचर बसवलेलं, टपावर औषधांची पेटी, तंबू आणि पाण्याचे डबे. मी आडवा झालो. सुखदेवभाऊंनी मार्कंड्याच्या रस्त्याला गाडी घातली, फार वेगातही नाही, आणि प्रत्येक वळणाला ती अशी कलंडायची की मी स्ट्रेचरची कड दोन्ही हातांनी धरून राहिलो. परत येईपर्यंत मी दोनदा ओकलो. त्यांनी मला गडवाभर पाणी दिलं आणि अगदी साधेपणानं सांगितलं की तुमचं तर काही मोडलेलं नाही. ज्याची मांडी मोडली आहे किंवा जी बाई अडली आहे तिचं काय होत असेल ते आता तुम्हाला समजलं. मग त्यांनी कागदपत्रं आणून दिली. मी ती न वाचताच ठेवून दिली.

सडपातळ माणूस. खाकी शर्टाची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली, भर उन्हाळ्यातसुद्धा. आमच्याकडे ज्याच्या त्याच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा असतो. सुखदेवभाऊंच्या खिशात भाजलेली मोहफुलं असायची. विचार करायचा असला की एक फूल तोंडात टाकायचे. फूल संपेपर्यंत त्यांच्याकडून उत्तर मिळत नसे. नववीत शाळा सुटली आणि माजरीच्या खाणीत वर्कशॉपात हेल्पर म्हणून लागले. फिटरच्या हाताखाली पाने देता देता सगळं शिकले. पण तुम्ही मेकॅनिक आहात असं कोणी म्हटलं तर मान हलवायचे. म्हणायचे, "मी ड्रायव्हर. गाडी नाई बोलत, पेशंट बोलते. मी त्याचं आयकतो, बस."

आणि ते खरंच ऐकायचे. पेशंट उतरवला की दवाखान्याच्या पायरीवर बसून नातेवाइकांना विचारायचे, कुठल्या वळणाला जास्त लागलं? माडिया बायकांना मराठी यायचं नाही तर मोडक्यातोडक्या गोंडीत विचारायचे, हातानं वळण काढून दाखवायचे. लोकांना वाटायचं, हा ड्रायव्हर चौकस आहे. ते मनातल्या मनात वळणांचा नकाशा काढत होते.

त्या नकाशातून गाडीखालची एक आडवी सळई आली. इंजिनीअरिंगच्या पुस्तकात तिला स्वे बार म्हणतात, हे मी त्यांना मोठ्या थाटात सांगितलं. ते म्हणाले, असंन. कुठल्याशा भंगार ट्रकची स्प्रिंगच्या पोलादाची सळई त्यांनी मिळवली, गावातल्या लोहाराच्या भट्टीवर तापवून यू आकारात वाकवली आणि गाडीच्या मागच्या आसाशी अशी जोडली की गाडी एका अंगाला कलू लागली की सळई पिळली जावी आणि तिनं गाडीला सावरून धरावं. इथवर कोणीही हुशार माणूस गेला असता. सुखदेवभाऊंनी सळईच्या दोन्ही टोकांना तीन-तीन भोकं पाडली. टोकाच्या पहिल्या भोकात पिन घातली की सळई नरम, कारण दांडा लांब पडायचा. आतल्या तिसऱ्या भोकात घातली की ताठ.

मी म्हटलं, तिसऱ्यातच ठेवू या कायमची. गाडी मुळीच कलणार नाही.

त्यांनी मोहफूल तोंडात टाकलं. ते संपल्यावर म्हणाले, पाहून घेऊ.

हे पाहून घेणं तीन आठवडे चाललं. राइस मिलच्या मागच्या मैदानात त्यांनी चुन्यानं मोठं वर्तुळ आखलं. स्ट्रेचरवर माणसाच्या वजनाची तांदळाची पोती ठेवली. गवंड्याचा ओळंबा गाडीच्या छताला टांगला आणि त्याच्यामागे माझा शाळेतला कोनमापक चिकटवला. मग त्याच वर्तुळावर, त्याच वेगानं, टायरात तेवढीच हवा ठेवून, प्रत्येक भोकाला पाच-पाच फेऱ्या. मी मागे बसून ओळंबा कुठे जातो ते वहीत लिहायचो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा नेम. एकदा मी वेळ वाचवावा म्हणून भोकाबरोबर टायरातली हवाही बदलली, तर त्यांनी दुपारची सगळी पानं फाडायला लावली. मी डिप्लोमावाला, ते नववी नापास. पण पानं मीच फाडली.

फेऱ्यांच्या आधी आणि नंतर आणखी एक परीक्षा असे. सुखदेवभाऊ गाडीखाली उताणे झोपायचे, पिनेवर तळहात ठेवायचे आणि मला सांगायचे, "डोलवा." मी टपाची कड धरून गाडी दोन्ही अंगांना हलवायची. पिन सैल हलते का, सांध्यातलं रबर घासतं का, हे त्यांच्या हाताला कळायचं. माझं हलवणं मात्र त्यांना कधी पसंत पडलं नाही. खालून आवाज यायचा, "डाव्याकडं जास्त होते साहेब." मी सावरून घ्यायचो. पुन्हा तोच आवाज. पुढे पुढे मी मुद्दाम उजवीकडे जोर द्यायला लागलो, तरी डाव्याकडंच जास्त व्हायचं. दवाखान्यातल्या लीलाबाई सिस्टर व्हरांड्यातून हे बघून तोंडाला पदर लावायच्या.

तिसऱ्या भोकाचं उत्तर त्यांनी मला जंगलात नेऊन दिलं. आलापल्लीच्या बाजूला एका मुरमाड वळणावर बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या होत्या. त्यांनी चाकोरीत ओला चुना ओतला आणि तिसऱ्या भोकावर गाडी वळणातून काढली. मग मला खाली उतरवून दाखवलं. बाहेरच्या चाकाचा ठसा चांगला गडद होता. आतल्या चाकाचा, मध्ये हातभर जागेत, ठसाच नव्हता. ताठ सळईनं ते चाक उचलून धरलं होतं.

मग सुखदेवभाऊ म्हणाले, "डांबरावर तिसरं राजा. जंगलात तिसरं मढं. पाणी पडलं तं मागचा भाग निंगून जाईन, तुमाले समजाच्या आंधी."

म्हणून नियम ठरला. डांबरी रस्त्यावर मोठा पल्ला असेल तेव्हाच तिसरं भोक, एरवी पहिलं. आणि तिसरं घातलं की घालणाऱ्यानं स्टिअरिंगला लाल फडकं बांधायचं, वहीत लिहायचं. फडकं दिसलं की चालवणाऱ्यानं जंगलाच्या रस्त्याला लागण्याआधी खाली शिरून पिन बदलायची. फडकं नसलं तर डोळे मिटून निघायचं. फडकं त्यांच्या बायकोच्या जुन्या लुगड्याचं होतं, काठासकट.

पहिल्या भोकावर त्यांनी आणखी महिनाभर रबरांची जाडी कमीजास्त केली. मग एटापल्लीकडून मांडी मोडलेला एक म्हातारा आणायचा होता. मी आणि लीलाबाई मागे होतो. तासभरानं सुखदेवभाऊंनी गाडी एकदम थांबवली, उतरून मागे आले आणि म्हाताऱ्याच्या नाकाशी बोट धरलं. मागून काही आवाजच येईना म्हणून त्यांना भीती वाटली होती. म्हातारा घोरत होता. सुखदेवभाऊ तिथेच रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले आणि लहान पोरासारखे हसले. त्या दिवशी त्यांनी मला खिशातली सगळी मोहफुलं दिली.

इथपर्यंत लिहायला बरं वाटलं. पुढचं इतकी वर्षं लिहिलं नव्हतं.

सुखदेवभाऊ वर्षातून दोनच दिवस रजा घ्यायचे, ऑक्टोबरात, चंद्रपूरला धम्मदीक्षेच्या दिवसासाठी. घरची सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत जायची. त्या वर्षी नेमक्या त्याच दोन दिवसांत आमच्या संस्थेच्या एक विश्वस्त बाई नागपूरहून आल्या. त्यांना गाडीनं फिरवायचं काम माझ्याकडे आलं. सगळा डांबरी रस्ता होता. मी स्वतः गाडीखाली शिरून दोन्ही बाजूंच्या पिना तिसऱ्या भोकात घातल्या, स्टिअरिंगला फडकं बांधलं. सगळं शिकवल्याप्रमाणे केलं. वहीत मात्र संध्याकाळी लिहू म्हणून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवर बसताना बाईंचं लक्ष पहिल्यांदाच फडक्याकडे गेलं, त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हे काय हो? दृष्ट लागू नये म्हणून का? इंजिनीअर ना तुम्ही?"

त्यांना सांगायला एक मिनिट लागलं असतं. सांगण्यासारखी, अभिमानानं सांगण्यासारखी गोष्ट होती. पण मला त्या लुगड्याच्या काठाची लाज वाटली. "ड्रायव्हरचं काहीतरी असतं," असं म्हणून मी फडकं सोडलं आणि पँटच्या खिशात कोंबलं. दिवसभर गाडी रेघेसारखी चालली. बाईंनी माझ्या चालवण्याचं कौतुक केलं. त्या कौतुकात मी इतका फुगलो की संध्याकाळी पिना तशाच राहिल्या, फडकं खिशात राहिलं, वही कोरी राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुखदेवभाऊ पहिल्या एसटीनं आले, तर जंगलातून निरोप आलेला, एक पहिलटकरीण अडली आहे. त्यांनी पिशवीसुद्धा घरी टाकली नाही. लीलाबाईंना घेतलं आणि निघाले. मी भांडारात होतो. गाडी निघाल्याचा आवाज मी ऐकला. तेव्हाही मला आठवलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. माझ्या शपथेला आता काय किंमत, ते सोडा.

परतीचा पाऊस दहाच्या सुमाराला आला. येताना, पेशंट आत असताना, वळणावर गाडीचा मागचा भाग निसटला आणि गाडी उतारावरून जाऊन ऐनाच्या झाडाला आदळली. त्या पोरीला बैलगाडीतून पुढे आणलं. ती आणि तिचं बाळ वाचलं. लीलाबाईंनी तिला आपल्या अंगावर घेतलं होतं. त्यांचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं.

बैलगाडीबरोबर आलेला माणूस डॉक्टरांना सांगत होता की मागचा भाग एकदम निघून गेला. मी तिथेच उभा होतो. हात आपोआप खिशात गेला आणि फडकं हाताला लागलं.

मी खोलीवर गेलो आणि ते ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी घातलं. तोपर्यंत जे झालं त्याला विसर म्हणता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आणली. दवाखान्याच्या अंगणात कडुनिंबाखाली डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावलं. सुखदेवभाऊंच्या कपाळाला पट्टी होती. ते गाडीखाली गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा एवढंच म्हणाले, "तिसऱ्या भोकात हाये." डॉक्टरांनी विचारलं, कोणी घातली? ते म्हणाले, फडकं नव्हतं.

डॉक्टर माझ्याकडे वळले. तुम्ही दोन दिवस गाडी चालवली, तुम्ही काही बदललं होतं का?

मी म्हणालो, "नाही. त्या सळईला मी हात लावत नाही. ते सुखदेवभाऊंचं काम."

हे वाक्य बोलताना मी अडखळलो नाही. आवाज कापला नाही. वही मागवली गेली. वहीत नोंद नव्हती. मागे उभं असलेलं कोणीतरी हळूच म्हणालं, दीक्षेच्या गर्दीतून आला होता, झोप झाली नसेल, विसरला असेल. सुखदेवभाऊ आयुष्यात एक पिन विसरले नव्हते, हे त्या अंगणात मला सर्वांत जास्त माहीत होतं. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मी कदाचित बोललो असतो. गाडीखाली उताणं पडून पिनेवर हात ठेवला की ते जसे वाट पाहत थांबायचे, तसं त्यांनी पाहिलं.

वेल्डर बोलावून सळई कापून काढली. घरगुती जुगाड यापुढे नको, असा ठराव झाला. सुखदेवभाऊंना गाडीवरून काढून पाण्याच्या पंपावर लावलं. त्यानंतर ते रोज सकाळी पंपघराची किल्ली घ्यायला भांडाराच्या दारात यायचे. किल्ली घेतल्यावर लगेच जायचे नाहीत. उंबऱ्याशी थोडा वेळ उभे राहायचे. मी मान खाली घालून काहीतरी लिहायचो. नवव्या दिवशी ते आले नाहीत. कळलं, नोकरी सोडून गावाकडे, पोंभुर्ण्याला गेले.

नवीन ड्रायव्हर आला. गाडी पुन्हा पूर्वीसारखी कलंडू लागली. पेशंट वळणावर ओरडायचे, आणि आता ते कुठे ओरडतात हे विचारणारं कोणी नव्हतं. लीलाबाईंचं मनगट वाकडंच जुळलं. लस टोचताना त्या सुई डाव्या हातात घेऊ लागल्या. वर्षभरानं मी नागपूरला चांगली नोकरी मिळवली. निरोपाच्या भाषणात डॉक्टरांनी माझ्या प्रामाणिकपणाचा उल्लेख केला. हार घालून घेताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण हार मी घालून घेतला.

पाच-सहा वर्षांनी लीलाबाईंकडून कळलं की पोंभुर्ण्याच्या नाक्यावर सुखदेवभाऊंचं गॅरेज आहे. मी फडकं घेऊन दोनदा वाटेतल्या मूल गावापर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा तिथे चहा पिऊन परत फिरलो. तिसऱ्या वेळी पोचलो.

टिनाच्या छपराखाली एक प्रवासी जीप उभी होती. तिच्या स्टिअरिंगला लाल कापड बांधलेलं दिसलं. जीपखालून दोन पाय बाहेर आलेले होते, टाचा भेगाळलेल्या. माझ्या पावलांचा आवाज ऐकून खालून विचारणा झाली, "कोन हाये? जरा डोलवा नं गाडी."

मी टपाची कड धरली आणि डोलवली. चार-पाच हेलकावे झाले.

"डाव्याकडं जास्त होते," खालून आवाज आला. मग हळूच, "साहेब?"

ते बाहेर आले. केस पांढरे झाले होते, शर्टाची गुंडी तशीच गळ्यापर्यंत. त्यांनी मला स्टूल दिलं, चहा सांगितला, आई-वडील कसे आहेत विचारलं. मी खिशातून फडकं काढून त्यांच्यासमोर धरलं. आठ वेळा पाठ करून आणलेली वाक्यं होती, त्यातलं एकही आलं नाही. मी म्हटलं, "सुखदेवभाऊ, हे माझ्याकडे होतं. मी सोडलं होतं. मी खोटं बोललो."

त्यांनी फडकं हातात घेतलं, काठावरून बोट फिरवलं. खिशातून मोहफूल काढून तोंडात टाकलं. मी थांबलो.

"मले मालूम होतं," ते म्हणाले. "दोन्ही पिना बरोबर बसल्या होत्या. तसं बसवाचं मी तुमालेच शिकवलं होतं." मग म्हणाले, "जातानाच माह्या अंगाले समजलं होतं, गाडी ताठ हाये म्हणून. पन फडकं नव्हतं. मी अंगाचं नाई आयकलं, फडक्याचं आयकलं. लीलाबाईचा हात त्याच्यात गेला."

मी म्हटलं, तुम्ही तिथेच का नाही सांगितलं? डॉक्टरांनी तुमचं ऐकलं असतं.

"मी सांगून काय होते? तुमी सांगाचं होतं." ते उठले. "आठ दिवस आलो मी तुमच्या दारात. किल्ली तं काय, पंपावर खिळ्याले बी टांगून ठेवता आली असती."

चहा आला. आम्ही दोघांनी तो प्यायला. त्यांनी माफ केलं असं म्हटलं नाही आणि मी तसं मागितलं नाही. मागायला तोंड नव्हतं. त्यांनी फडक्याची घडी घातली, पान्यांच्या डब्यात ठेवली आणि जीपखाली गेले. पुन्हा ते दोन पाय तेवढे बाहेर राहिले.

"डोलवा," ते म्हणाले.

मी कड धरली आणि डोलवू लागलो. हात डावीकडेच जास्त पडत होता, मला स्वतःला कळत होतं. खालून काहीच आवाज आला नाही. मी बराच वेळ डोलवत राहिलो.